मल्लाच्या हातात पट्टी द्या

महाराष्ट्रात हल्ली कुस्ती कमी बघतात आणि निकाल जास्त. मोठी कुस्ती झाली की दुसऱ्या दिवशी पट कसा काढला, ढाक का फसली, कोणाचा दम कितव्या मिनिटाला संपला, यावर कोणी बोलत नाही. बोलतात ते पंचावर. कोणाचा माणूस होता, कोणी सांगितलं होतं, कोणाला पाडायचं आधीच ठरलं होतं. सहा मिनिटांची झुंज दहा-बारा सेकंदांच्या व्हिडिओत कोंबायची आणि त्यावर राज्यभर भांडायचं, असा शिरस्ता पडलाय. तो मोडला नाही तर कुस्त्या होत राहतील, गदा वाटल्या जातील, पण जाणकार उरणार नाही. आणि जाणकार गेला की मागोमाग कुस्तीही जाते.

आधी काय झालं?

२०२५च्या फेब्रुवारीतला सोमवार. पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार विभागाजवळच्या टपरीवर पाच-सहा हमाल चहा घेत होते. एकाच्या खांद्यावर आकडा, हातात मोबाइल. आदल्या संध्याकाळची महाराष्ट्र केसरीची क्लिप तो अंगठ्यानं थांबवत होता, पुढे सरकवत होता, पुन्हा मागे नेत होता. काचेवर पोत्याची धूळ. ती शर्टाला पुसून त्यानं चित्र दोन बोटांनी मोठं केलं. एक म्हणाला, "टेकला." दुसरा म्हणाला, "डावा बघ की, उचललेला आहे." तिसऱ्यानं पंचाला शिवी घातली. चौथ्यानं पंचाच्या तालुक्याला.

त्यांच्यात एक वयस्कर गडी होता. त्यानं एकच विचारलं, "आरं, पण त्याच्या आधी काय झालं? एवढा तयारीचा मल्ल, तो खाली गेलाच कसा?"

उत्तर कोणाकडेच नव्हतं. क्लिपमध्ये तेवढा भागच नव्हता.

त्या सकाळी अख्ख्या महाराष्ट्रानं विचारायला हवा होता तो प्रश्न हाच. खांदा टेकला की नाही हे पंचानं बघायचं. मल्ल खाली कसा गेला हे बघणाऱ्यानं बघायचं. आपण आपलं काम टाकून पंचाच्या कामाला लागलो.

लाथ आणि पडदा

अहिल्यानगरला २ फेब्रुवारीला काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल पंचांनी दिला. राक्षेचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. वाद पेटला. राक्षेनं पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. मग मोहोळविरुद्धच्या किताबाच्या कुस्तीत शेवटचे काही सेकंद उरले असताना महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला. मुळशीचा मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर कुस्तीगीर संघानं तीन वर्षांच्या बंदीची कारवाई केली.

लाथ मारणं चूकच. त्यात पण-परंतु नाही. ज्यानं महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली त्याच्याकडे तालमीतली बारकी पोरं बघत असतात. पंचावर पाय उचलायचा असतो, हे त्या पोरांनी त्या रात्री पाहिलं. राक्षेवर खरोखर अन्याय झाला असेल, तरी त्या लाथेनं त्याची बाजू कमजोर केली.

संयोजकांनाही सांगायचं आहे. एवढा मंडप, एवढे दिवे, एवढे कॅमेरे, मंचावर एवढे पुढारी. मग वादाचा क्षण तिथल्या तिथे मोठ्या पडद्यावर सगळ्या मैदानाला का दाखवू नये? दाखवा. हळू करून दाखवा. दोन्ही बाजूंनी दाखवा. पंचांनी माइक घेऊन सांगावं, हा खांदा इथे टेकला, हा इथे टेकला, म्हणून चितपट. दोन मिनिटं लागतील. लोकांना पटेल, न पटलं तरी कारण ऐकून ते घरी जातील. कारण न सांगता दिलेला निकाल लोकांना लादल्यासारखा वाटतो. मग ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये ज्याचा त्याचा पंच उभा राहतो.

दोन की चार

हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. जानेवारी २०२३, पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी. माती विभागाच्या अंतिम कुस्तीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड. गायकवाडनं बाहेरील टांग मारली, पंचांनी चार गुण दिले, गायकवाड पुढे गेला. सिकंदरच्या चाहत्यांनी गदारोळ केला. चार कसे, दोनच हवे होते. पंचाला फोनवरून धमकी गेली, प्रकरण पोलिसांपर्यंत पोचलं.

दोन की चार हे ठरतं कसं, हे त्या गदारोळात कितीजणांना माहीत होतं?

बाहेरील टांग मारताना मल्ल समोरच्याचा दंड पक्का धरतो, छाती छातीला भिडवतो, आपला पाय त्याच्या पायाच्या बाहेरून नेऊन गुडघ्यामागे अडकवतो आणि कमरेतून पीळ देत त्याला आपल्याबरोबर खाली आणतो. दोघंही एकदम पडतात. पडताना खालच्याची पाठ जमिनीकडे वळली, पाठ आणि जमीन यांच्यातला कोन काटकोनाच्या आत आला, तर उभ्यावरून धोक्यात टाकल्याचे चार गुण. तो कुशीवर किंवा पोटावर पडला आणि नुसता ताब्यात आला, तर दोन. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं तेवढ्या वेळात होतं. मातीत तर धूळही उडते. पंच वाकून, प्रसंगी जमिनीला गाल लावून बघतो तो याचसाठी.

तिथे पंच चुकू शकतो. चुकतोही. पण ज्याला काटकोनाचा हा नियमच ठाऊक नाही, त्यानं "चार कसे" म्हणून ओरडायचं आणि कोणीतरी त्या पंचाच्या घरी फोन करायचा, हे कुस्तीवरचं प्रेम नव्हे. ही गुंडगिरी आहे.

त्याच स्पर्धेत किताबाच्या कुस्तीत राक्षेनं गायकवाडला मिनिटाच्या आत चितपट केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदरनं राक्षेला काही सेकंदांत अस्मान दाखवलं आणि गदा नेली. या दोन्ही कुस्त्या निकाली झाल्या. त्या निकालांतला डाव आज किती जणांना सांगता येईल? वाद मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहे.

मेक्सिकोचा प्रेक्षक

आता जरा लांबचं बघू. मेक्सिकोत लुचा लिब्रे नावाची कुस्ती आहे. मुखवटे घातलेले मल्ल, दोरांवरून उड्या, झगमगते अंगरखे. आपल्या पोरांना तिची ओळख झाली ती रे मिस्टेरिओमुळे. टीव्हीवर पाहिला, ट्रम्प कार्डांवर जमवला, गल्लीत त्याच्यासारख्या उड्या मारून हातपाय मोडून घेतले.

साल्वादोर लुत्तेरोत्थ या माणसानं १९३३मध्ये मेक्सिको सिटीत या कुस्त्यांचे नियमित खेळ सुरू केले. १९५६मध्ये अरेना मेहिको हे तिचं मोठं सभागृह उभं राहिलं. २०१८मध्ये मेक्सिको सिटीनं तिला आपला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. लढत तीन डावांची, दोन जिंकेल तो विजयी. मल्लांचे दोन पक्ष. टेक्निकोस नियमानं आणि कौशल्यानं लढणारे, रुडोस नियम मोडणारे, दांडगे. सगळ्यात मोठी पैज मुखवट्याची. हरला की मुखवटा उतरवायचा, चेहरा दाखवायचा, खरं नाव सांगायचं.

कोण जिंकणार हे तिथे आधी ठरलेलं असतं. प्रेक्षकालाही ते ठाऊक असतं. मग तो बघतो काय?

तो काम बघतो. दोरावरून झेप घेतली तेव्हा खालच्यानं त्याला नीट झेललं का. पकड पोकळ होती की तिच्यात जीव होता. पहिल्या डावात दुखावलेला गुडघा मल्लाला तिसऱ्या डावात आठवला का, की तो विसरून उड्या मारायला लागला. ढिसाळ काम दिसलं की तिथला प्रेक्षक शिट्ट्यांनी सभागृह डोक्यावर घेतो, आणि कुस्ती मनासारखी झाली की रिंगणात नाणी आणि नोटा फेकतो. दोन्ही मल्लांसाठी, हरलेल्यासाठीसुद्धा. तिथे पक्षपाती पंच हेसुद्धा एक पात्र असतं. एल तिरांतेस नावाचा पंच रुडोसच्या बाजूचा म्हणूनच गाजला. त्याच्यावर ओरडायचं हा खेळाचाच भाग. ओरडून झालं की लोक घरी जातात, पंचाच्या घरी फोन करत नाहीत.

निकाल ठरलेला असला तरी मार खरा असतो. मार्च २०१५मध्ये तिहुआनात एका लढतीत पेरो अग्वायो धाकटा या मल्लाच्या मानेला दुखापत झाली आणि त्यातच तो गेला. समोर होता रे मिस्टेरिओ. अग्वायो दोरावर निपचित पडला होता आणि लढत काही वेळ तशीच चालू राहिली, कारण त्याला खरंच लागलं आहे हे सुरुवातीला कोणाच्या लक्षातच आलं नाही. त्या देशातल्या जाणकारांनी त्यानंतर प्रश्न विचारले ते डॉक्टरांचे, स्ट्रेचरचे, पंचानं कुस्ती केव्हा थांबवायची याचे. टीका म्हणतात ती ही.

आपली कुस्ती खरी. घाम खरा, खुराक खरा, पाच वाजता उठून मारलेल्या जोर-बैठका खऱ्या, निकालही खरा. आणि बघणारे आपण काम सोडून नुसत्या निकालावर बोलतो. ज्यांचा निकाल ठरलेला असतो ते कुस्तीच्या कारागिरीची चिकित्सा करतात आणि आपण करत नाही, ही महाराष्ट्राला लाज आणणारी गोष्ट आहे.

१९५२

दोन मल्ल, एकच वर्ष.

१९५२च्या जुलैत हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोत एल सान्तो या चंदेरी मुखवट्याच्या मल्लानं ब्लॅक शॅडोला हरवून त्याचा मुखवटा उतरवला. लुचा लिब्रेच्या इतिहासात ही लढत आजही पहिल्या ओळीत धरतात.

सान्तोवर चित्रकथा निघाल्या, त्यानं पन्नासाहून जास्त चित्रपटांत काम केलं. ५ फेब्रुवारी १९८४ला तो गेला, तेव्हा अंत्ययात्रेला माणसांचा पूर लोटला आणि त्याला मुखवट्यासकट पुरलं. तुलान्सिंगो या त्याच्या जन्मगावी त्याचा पुतळा आहे.

खाशाबाही १९८४मध्येच गेले, १४ ऑगस्टला, रस्त्यावरच्या अपघातात. हयातीत त्यांना सरकारचा एकही मोठा क्रीडा पुरस्कार मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, सोळा-सतरा वर्षांनी. पोलीस खात्यात इतकी वर्षं नोकरी केलेल्या या माणसाला पेन्शनसाठी झगडावं लागलं.

हेलसिंकीतली एक गोष्ट कऱ्हाडकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी अजून आहे. जपानच्या शोहाची इशीईशी दमछाक करणारी कुस्ती झाली आणि लगेच खाशाबांना सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ते ठणकावून सांगायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा दमलेल्या अंगानं उतरले आणि हरले.

नियम माहीत असलेला, मल्लाच्या बाजूनं योग्य वेळी, योग्य माणसाशी बोलणारा एक जाणकार तिथे असता तर पदकाचा रंग कदाचित वेगळा असता. जाणकारीची किंमत ही इतकी मोठी आहे. आज आपल्याकडे ओरडणारे लाख आहेत. कुस्तीला हवा असतो तो नियम काढून दाखवणारा एक.

मैदान कोणासाठी असतं

शाहू महाराजांनी १९०२च्या युरोप दौऱ्यात रोमचं जुनं कलोसियम पाहिलं आणि कोल्हापूरला १९१२मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. मध्ये उंच हौदा, भोवती चढत जाणारी बैठक. हेतू एकच, शेवटच्या माणसालाही कुस्ती स्पष्ट दिसावी. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका राजानं बघणाऱ्याचा एवढा विचार केला.

त्या मैदानांतला प्रेक्षक कडक होता. खडाखडीत वेळ काढणाऱ्या जोडीला तो स्वस्थ बसू देत नसे. "लावा, लावा" असा गलका व्हायचा. दोघंही ठरवून बरोबरीत सोडवतायत असा वास आला तर लोक उठून उभे राहत, निकाली कुस्ती मागत. हरलेल्यानं कळाजंग उत्तम टाकला असेल तर त्याच्याही पाठीवर थाप पडे. फेटा बांधून मैदानाला फेरी मारणाऱ्या मल्लाच्या हातात लोक खिशातली नोट ठेवत. ती त्या मल्लाच्या कामाला दिलेली दाद होती.

आज गावच्या यात्रेत हलगी वाजते, लाखाची इनामं जाहीर होतात आणि निम्मं मैदान मोबाइल वर धरून उभं असतं. कुस्ती डोळ्यांनी कोण बघतो? मागे बसलेल्याला पुढच्याचा मोबाइल दिसतो. समालोचकांनीही कुस्ती समजावून सांगण्यात हात आखडता घेतलेला आहे. दर दोन वाक्यांनी आमदार-खासदारांची नावं घेण्याऐवजी त्यांनी डाव सांगावा. हा एकेरी पट, हा घिस्सा, इथे याचा हात सुटला म्हणून तो वाचला. वीस वर्षांच्या पोराला डाव कळत नसेल तर तो दोष पोराचा कमी, माइकवाल्याचा जास्त.

आणि एकाच वर्षात दोन महाराष्ट्र केसरी? २०२५च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला एक, मार्चमध्ये त्याच जिल्ह्यात कर्जतला दुसरा. तिथे वेताळ शेळकेनं पृथ्वीराज पाटीलला हरवलं. संघटना दोन, गटही दोन, म्हणून गदाही दोन. १९६१पासून चालत आलेल्या किताबाचा हा अपमान आहे. दोष कष्ट करून जिंकलेल्या मल्लांचा नाही. दोष खुर्चीवाल्यांचा आहे आणि तो त्यांनीच निस्तरायचा आहे.

काटा दोघांना दिसतो

मार्केट यार्डात तोलणार वजन करतो तेव्हा काटा शेतकऱ्यालाही दिसतो आणि घेणाऱ्यालाही. माल विकला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, सगळं त्या कागदावर. पटलं नाही तर तो पट्टी घेऊन भांडतो, आकड्यावर बोट ठेवून भांडतो. इथेही मापावरून भांडणं झालीत, झुकत्या मापाच्या तक्रारी झाल्यात. पण भांडायला कागद असतो म्हणून भांडण काट्यापाशी मिटतं.

ही शिस्त काही आपोआप आली नाही. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, पाठीवरच्या ओझ्यालाही मर्यादा हवी म्हणून कष्टकऱ्यांनी वर्षानुवर्षं झगडा केला, १९६९मध्ये माथाडी कायदा आला. कष्टाचा हिशेब कष्ट करणाऱ्याला कळलाच पाहिजे, हे तत्त्व या बाजारानं फार किंमत देऊन मिळवलेलं आहे.

मल्लाचेही कष्टच आहेत. त्याचं माप पंच घेतो. मग मल्लाच्या हातात पट्टी का नाही?

चार गोष्टी करा.

एक. वादाचा प्रत्येक निर्णय मैदानात मोठ्या पडद्यावर पुन्हा दाखवा. फेरतपासणी मागण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कुस्तीत आहे. प्रशिक्षक गादीवर मऊ ठोकळा टाकतो आणि पंच चित्रण बघतात. तीच सोय महाराष्ट्र केसरीत पूर्ण हवी आणि सगळ्यांना दिसेल अशी हवी.

दोन. पंचांनी निर्णयाचं कारण माइकवर, साध्या मराठीत, एका वाक्यात सांगावं. ताब्यात घेतल्याचे दोन. धोक्यात टाकल्याचे चार. वर्तुळाबाहेर ढकलल्याचा एक. एवढं पुरे.

तीन. प्रत्येक कुस्तीचं गुणपत्रक त्याच रात्री जाहीर करा, पंच मंडळाच्या सह्यांसकट. गादीवरचा पंच, बाजूचा पंच आणि आखाडा प्रमुख असे तिघं असतात. कोणाचं मत काय होतं ते कळू द्या. तिघांतल्या दोघांचं एकमत झालं म्हणून निकाल लागला, हे कळलं की एका पंचाच्या मागे झुंड लागत नाही.

चार. पंचाला धमकी देणाऱ्यावर गुन्हा दाखल झालाच पाहिजे. तो कोणाचाही चाहता असो, कोणत्याही सरकारी खात्यात असो. आणि चुकलेल्या पंचालाही जाब विचारला पाहिजे, तो नियमानं, समितीपुढे, लेखी.

यातल्या कशालाही फार पैसा लागत नाही. जिंकणाऱ्याला मोटारगाडी बक्षीस देणाऱ्यांना एक पडदा आणि एक छापलेला कागद जड नाही.

आता आपलं

संयोजकांना बोललो, मल्लांना बोललो, आता बघणाऱ्यांना.

कुस्ती बघताना मल्लाची जात बघू नका. तालुका बघू नका. सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या कुस्तीनंतर मोबाइलवर जे काही फिरलं त्यातलं बरंचसं कुस्तीबद्दल नव्हतंच, धर्माबद्दल आणि जातीबद्दल होतं. लाल मातीत उतरताना मल्ल हे सगळं बाहेर ठेवून येतो. तालमीत एकाच हौद्यात, एकाच वस्तादाच्या हाताखाली सगळे घाम गाळतात. बघणाऱ्यानं ते आत आणायचं काय कारण?

अर्धी क्लिप पुढे पाठवू नका. पूर्ण कुस्ती बघा. पहिल्या तीन मिनिटांत कोण पुढाकार घेत होता, कोण माघार घेत होता, अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीनंतर कोणाचे खांदे पडले होते, कोणत्या पायावर भार जास्त होता, हे बघा. मल्ल हरतो तो शेवटच्या क्षणी नव्हे. तो त्याच्या आधी कुठेतरी हरलेला असतो. ती जागा शोधून काढणं हे बघणाऱ्याचं खरं काम आहे आणि त्यात जो आनंद आहे तो पंचाला शिव्या देण्यात नाही.

हरलेल्या मल्लाचं चांगलं काम बोलून दाखवा. जिंकलेल्याची चूक बोलून दाखवा. आपल्या तालमीचा मल्ल हरला आणि न्यायानं हरला, तर तसं चारचौघांत म्हणा. हे म्हणायला धाडस लागतं. पण तसं म्हणणारे दहा जण मैदानात असले, की पंचाला बळ येतं आणि मल्लही सावध राहतो.

मार्केट यार्डातल्या त्या वयस्कर हमालाला जे कळलं ते सगळ्या महाराष्ट्राला कळायला काही अडचण नाही. दिवसभर पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्याला भार कुठे टाकायचा आणि तोल कुठे जातो हे शिकवावं लागत नाही. तो मल्ल खाली कसा गेला हे विचारतो. आपणही विचारू.

पुढची महाराष्ट्र केसरी जिथे होईल तिथे संयोजकांकडे पासाच्या आधी पट्टी मागा. आणि सहाच्या सहा मिनिटं डोळे उघडे ठेवून बघा. जो तेवढं बघणार नाही, त्याला पंचाविरुद्ध एक शब्दही बोलायचा अधिकार नाही.